कागदात बसत नाही

प्रिय खारूताई,

तुझं पत्र मंगळवारी हातात पडलं. सोबत तुमच्या महिन्याच्या खर्चाची यादी, आणि खाली तुझा प्रश्न, की आई, तू एवढ्याशा पैशांत आमचं सगळं कसं भागवायचीस, आमचं नेमकं कुठे चुकतंय ते नीट लिहून कळव. फोनवर विचारलं असतंस तर मी दोन मिनिटांत काहीतरी ठोकून दिलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. पण घरात मोकळेपणानं बोलता येत नाही म्हणून लिहितेय, असं तूच वर लिहिलंस. त्या वाक्यापाशी मी अडकले ती अडकलेच. चार दिवस शिवणाचं मशीन उघडून बसतेय आणि गिऱ्हाइकांच्या पँटी हात न लावता तशाच बाजूला ठेवतेय. आज ठरवलं, एकदाचं लिहून टाकायचं. रागात लिहितेय हे आधीच सांगते. थोडा राग तुझ्यावर आहे, बराचसा तुझ्या बाबांवर, आणि सगळ्यात जास्त माझा मलाच येतोय.

आधी यादी. अक्षर सुरेख आहे, रेघा सरळ आहेत आणि यादी खोटी आहे. दूध नऊशे, भाजी पंधराशे, वीज आठशे. अगं, कुठल्या भाजीवाल्यानं कुणाला कधी बरोबर पंधराशेची भाजी विकली आहे? तू ही यादी आठवून केलीस, बिलं समोर ठेवून नाही. मी पंचवीस वर्षं लोकांची मापं घेतेय, अंदाजानं माप लिहिलं की बाही हमखास आखूड होते. आणि शेवटी तो ‘किरकोळ’ आलाच, दोन हजार. किरकोळ म्हणे, आणि दुधाच्या दुप्पट! आमच्याकडेही होते हे महाशय. त्यांच्या पोटात बाबांचं बसभाडं गेलं, तुझ्या वह्या गेल्या, माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या गेल्या, खालच्या मजल्यावरच्या बाईला हातउसने दिलेले आणि कधीच परत न आलेले पैसेही गेले, आणि महिनाअखेरीला आम्ही दोघं एकमेकांना विचारायचो की गेले कुठे. तू आधी ह्या किरकोळाला फोड. आत काय दडलंय ते बघितल्याशिवाय पुढे जाऊच नकोस.

दुसरं म्हणजे, वर्षातून एकदा येणारं काहीच तू धरलेलं नाहीस. घराचा कर नाही, विमा नाही, तुझ्या नवऱ्याच्या लायसनचं नाही, बूट नाहीत. पोरी, ते येणारच आहेत. आमच्या विम्याचा हप्ता दर वर्षी त्याच महिन्याच्या त्याच तारखेला यायचा, आणि दर वर्षी आम्ही दोघं दारात कुणी अनोळखी पाहुणा येऊन उभा राहिल्यासारखे एकमेकांची तोंडं बघायचो. बाबा तर एकदा विमा कंपनीच्या माणसाला म्हणाले होते, की अहो, परवाच तर भरला. परवा म्हणजे मागचं अख्खं वर्ष. त्याचे बारा भाग करून दर महिन्याला एक बाजूला ठेवला असता तर काय बिघडलं असतं? पण तेवढी साधी गोष्ट सुचायला मला साठी गाठावी लागली.

आणि स्वस्त मिळतंय म्हणून घाऊक काही भरून ठेवू नकोस. कपडे धुवायच्या पावडरीचं ते पोतं आठवतं का तुला? वीस किलो, निम्म्या भावात. न्हाणीघरात ठेवलं, ओल लागली आणि त्याचा दगड झाला. मग दर रविवारी तुझे बाबा जिन्यात बसून हातोडीनं साबण फोडायचे. वरच्या मजल्यावरचा मास्तर विचारायचा, घराचं काम काढलंय का. निम्म्या भावाची पावडर, आणि हातोडीचा दांडा मोडला तो वेगळा. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता ते आठवलं की माझं डोकंच फिरतं, कारण पावडरीसाठी पैसे कुठून आले हे त्या दिवशीही मी बाबांना खरं सांगितलं नव्हतं.

हां. तर आता कागदाचं.

तुझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे तो. बाबा छापखान्यात कापायच्या मशीनवर. मोठे कागद कापले की कडेला हातभर लांब आणि चार बोटं रुंद पट्ट्या उरतात, त्या ते घरी आणायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही टेबलाशी बसायचो, ते रेघा आखायचे, मी आकडे सांगायचे, आणि ती पट्टी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटायची. जुनी काढायची नाही, तिच्यावरच नवी. दार जाड होत गेलं, शेवटी बंद होईना, तर बाबांनी बिजागऱ्या बदलल्या पण पट्ट्यांना हात लावला नाही. कागदात आहे ते आणायचं, कागदात नाही ते मागायचंही नाही, असा आपल्या घरचा नियम. सहल कागदात बसत नाही. पोहायचा वर्ग कागदात बसत नाही. तू बोलायला लागलीस तेव्हा आई-बाबांच्या पाठोपाठ हेच शिकलीस की काय, असं मला कधीकधी वाटतं. नियम चांगला होता, मी आजही म्हणेन. खोट नियमात नव्हती.

तू चौथीत होतीस. फळ्यावरचं दिसत नाही हे सहा महिने तू कुणालाच बोलली नाहीस. शेजारच्या मुलीच्या वहीत बघून उतरवायचीस, आणि तिच्या चुकांसकट उतरवायचीस म्हणून बाईंच्या लक्षात आलं. का गं सांगितलं नाहीस, असं मी विचारलं तर म्हणालीस की चष्मा कागदात नव्हता ना. मी ते चारचौघींत कौतुकानं सांगत सुटले होते, बघा आमची पोर किती समजूतदार. कसली डोंबलाची समजूतदार! नऊ वर्षांचं लेकरू चाचपडत शाळेत जात होतं आणि मी त्याची शेखी मिरवत होते. चष्मा लावून दुकानातून बाहेर आलीस आणि रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघत उभी राहिलीस. आई, ह्याची पानं सुटी सुटी आहेत, असं म्हणालीस. तुला डोळे तपासणारी व्हायचं होतं ते त्या दिवसापासून, हे मला माहीत आहे. मी विसरले असं समजू नकोस.

सतराव्या वर्षी त्या कोर्सला तुझं नाव लागलंही. तीन वर्षांचा कोर्स, दुसऱ्या गावी, राहण्या-जेवणासकट वर्षाचे चाळीस हजार. त्या रविवारी बाबांनी तीन वेळा पट्टी आखली आणि तिन्ही वेळा खोडली. मी दुधातून काढलं, त्यांनी बसऐवजी सायकल लिहिली, विजेचे पन्नास कमी केले. तू दाराशी उभी होतीस, हातात ते प्रवेशाचं पत्र. शेवटी मीच म्हटलं, कागदात बसत नाही गं. तू नुसतं बरं म्हणालीस, रडली नाहीस, भांडली नाहीस, आणि टेबलावरचे रिकामे कप उचलून विसळायला घेतलेस. पुढच्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानात काउंटरवर लागलीस. आज बारा वर्षं तू लोकांना फ्रेमा दाखवतेस आणि आतल्या खोलीत दुसरंच कुणीतरी त्यांचे डोळे तपासतं.

आता जे सांगते ते बसून वाच. गेल्या महिन्यात मला बँकेचा मेसेज आला. जुनं खातं चालू ठेवायचं असेल तर महिनाअखेरीच्या आत नवा फोटो आणि सही देऊन जा. माझं असं एक खातं आहे हे बाबांना माहीत नव्हतं. मी बटणं आणायला जाते म्हणून निघाले. बाबा माझ्या अर्धा तास आधी दाढ दाखवायला म्हणून बाहेर पडले होते. बँकेत ही मोठी रांग. माझ्यापुढे पाच माणसं सोडून एक ओळखीचं टक्कल, खाली ओळखीचा चौकड्यांचा शर्ट, ज्याची कॉलर मीच उलटी करून शिवली आहे. काखेत पासबुक. दाढ दुखणारा माणूस बँकेत काय करतोय, एवढा विचार माझ्या मनात येतोय तोवर त्यांनी मागे वळून पाहिलं. आणि बटणं तर माझ्याही हातात नव्हती.

त्यांनाही तोच मेसेज आला होता. काम उरकलं आणि बाहेरच्या बाकावर बसून आम्ही पासबुकांची अदलाबदल केली. ऐक. बाबा कागदात नेहमी नुसता मूळ पगार लिहायचे. ओव्हरटाइमचा एक पैसाही त्यात कधी आला नाही, तो परस्पर त्यांच्या खात्यात. का, तर शेजारच्या मशीनवरच्या माणसाची दोन बोटं गेली होती. उद्या माझी गेली तर हिचं आणि पोरीचं कसं होणार, ही धास्ती. आणि मी? मी दूध दीड लिटर घ्यायचे आणि दोन सांगायचे. शिलाईचे निम्मे पैसे दाखवायचे, निम्मे बटणांच्या डब्यात, आणि डबा भरला की बँकेत. का, तर उद्या ह्यांची बोटं गेली तर. म्हणजे त्याच दोन बोटांपायी आम्ही दोघं वर्षानुवर्षं एकमेकांना ताकास तूर लागू देत नव्हतो. आणि बोटं दहाच्या दहा जागेवर आहेत. परवाच त्यांनी त्याच बोटांनी माझ्या मशीनचा पट्टा बसवून दिला.

मग बाबांनी माझ्या पासबुकाची पानं मागे मागे उलटत तुझ्या कोर्सचं वर्ष काढलं. मी त्यांच्यातलं काढलं. त्यांचे एकाहत्तर हजार, माझे चोपन्न. तुझ्या तिन्ही वर्षांचे एक लाख वीस हजार भरून वर पाच हजार उरत होते. मला तो रविवार जसाच्या तसा आठवला. मी टेबलाशी बसून मनात मांडत होते, की चोपन्न बाहेर काढले तर एक वर्ष कसंबसं जाईल, मग दुसऱ्या वर्षी पोरीला अर्ध्यातून परत आणायचं का, आणि इतकी वर्षं दुधाचं खोटं सांगितलं ते उघडं पडेल ते वेगळंच. समोर बसून तेही एकाहत्तरांचं तेच मांडत होते. दोघंही मूग गिळून बसलो आणि मधल्या मध्ये तू कप विसळत होतीस. बाकावर बाबा एकच वाक्य बोलले.

“मला वाटलं, तुझ्याकडे खरंच काही नाही.”

मला आधी हसू आलं. मग असा संताप आला की मी बसची वाट न बघता तशीच चालत घरी आले, आणि ते माझ्या मागे वीस पावलांवरून चालत आले. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी बघते तर बाबा ओलं फडकं आणि उलथनं घेऊन कपाटाच्या दाराशी बसलेले. एकेक पट्टी सोलत होते. तुझ्या वर्षाची सापडेल म्हणाले. सापडलीही, पण निघताना मधोमध फाटली. ती मांडीवर जुळवून ते कितीतरी वेळ बघत होते. मी तेव्हाही त्यांना जवळ घेतलं नाही. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि त्यांचा माझ्यावरचाही नसणार.

तेव्हा खारूताई, आपण गरीब होतो म्हणून तुझा कोर्स गेला, असं तू जे बारा वर्षं मानत आलीस ते खरं नाही. पैसे होते. आपल्या कपाटाच्या दारात होता तो कागद खोटा होता, आणि तुझ्या आईनं आणि बाबांनी मिळून तो खोटा केला होता. वाईट हेतूनं नाही, एकमेकांच्या काळजीनं, पण तुझं नुकसान त्यानं काही कमी होत नाही. मला तुझी माफी मागायची आहे. कशी मागतात ते मला ठाऊक नाही, कारण आपल्या घरात तीही कधी कुणी मागितली नाही. तर ही अशी, पत्रातूनच घे.

हे सगळं कदाचित मी तुला कधीच सांगितलं नसतं. बाबा तर म्हणालेच, की जखमेवरची खपली कशाला काढायची, पोर सुखात आहे. मी पण गप्प बसणार होते. मग मंगळवारी तुझं पत्र आलं. यादीच्या खाली, जणू काही विशेष नाही अशा बारीक अक्षरात तू लिहिलंस, की दुकानाचे मालक डोळे तपासणीच्या कोर्ससाठी दुपारची सुट्टी द्यायला तयार आहेत, आता तो आपल्याच शहरात दोन वर्षांचा निघालाय, पहिल्या वर्षाचे छत्तीस हजार, पंचवीस तारखेपर्यंत भरायचे. आणि पुढे, मी त्यांना नको म्हणून सांगितलं, कागदात बसत नाही. अगं, तुमच्या घरात तर कागदही नाही!

म्हणून आता तुझ्यावरच्या रागाचं. अडीच वर्षं झाली, दर महिन्याला भेटायला येतेस आणि जाताना माझ्या बटणांच्या डब्यात नोटांची एक घडी सरकवतेस. तुझ्याकडे राहू दे, म्हणतेस, ह्याला सांगू नकोस, त्याला उगाच वाटेल की त्याचा पगार पुरत नाही. मी ठेवत गेले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट पोरगी माझ्यावर गेली म्हणून बरंच वाटलं. सगळे मिळून चोवीस हजार सहाशे झालेत. म्हणजे तुझ्या यादीतलं दूधही माझ्यासारखंच आहे ना गं? नऊशेचं नाही ना येत ते? पहाटे चारला उठून पावाची गाडी चालवणारा तो सरळ माणूस तुझी खोटी यादी खरी मानून चालतोय, तू त्याच यादीकडे बोट दाखवून आपला कोर्स सोडतेस, आणि पैसे माझ्या डब्यात पडलेत. हे मी एकदा केलं. दुसऱ्यांदा माझ्या डब्यातून होऊ देणार नाही.

ह्यापुढे माझ्याकडे एक पैसाही ठेवायचा नाही. तुझे चोवीस हजार सहाशे आणि आमचे अकरा हजार चारशे मिळून छत्तीस हजारांचा चेक सोबत आहे, कोर्सच्या संस्थेच्या नावानं. पुढच्या वर्षाचे बाबा भरणार आहेत, माझ्या आणि त्यांच्या दोघांच्या नावानं उघडलेल्या नव्या खात्यातून, आणि हे त्यांनी माझ्यासमोर ठरवलंय. ही मदत नाही, उपकार तर नाहीच. बारा वर्षं उशिरा भरलेली फी आहे, परत करायच्या गोष्टी बोलू नकोस.

आणि एक शेवटचं. हे पत्र तुला लिहिलंय खरं, पण पाकिटावर नाव तुझ्या नवऱ्याचं आहे. वर चिठ्ठीही टाचली आहे, की आधी तुम्ही वाचायचं, सासूची आज्ञा आहे. जावईबापू, तर तुम्ही इथवर आलात. हिनं तुमच्यापासून लपवलं ते तुमच्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे. तिला घरात दुसरं काही बघायलाच मिळालं नाही, ते खापर माझ्या डोक्यावर फोडा. तुमच्याही गाडीत सीटखाली असा एखादा डबा असेल तर तोही काढून टेबलावर ठेवा, मला आश्चर्य वाटणार नाही. आता हे तिच्या हातात द्या आणि ती वाचून होईपर्यंत समोरून उठू नका. आणि खारूताई, तू हे वाचतेस तेव्हा तो समोर बसलाय आणि त्याला सगळं माहीत आहे. माझ्यावर चिडशील, महिनाभर बोलणार नाहीस, चालेल मला. पण पंचवीस तारखेला दोघं मिळून जा आणि आधी फी भरा.

जिचा बटणांचा डबा आता रिकामा आहे, ती तुझीच,
आई